ओट्यावर मांडलेला गुडघा

माझी नात निकिता तेव्हा पाचवीत होती. मी गोठ्यामागे गोवऱ्या थापत होते आणि तुराट्यांच्या कुडापलीकडे माझा मुलगा जगदेव आणि सून शीला यांचं जुंपलं होतं. ऐकायचं नव्हतं, कानावर पडलं, असं मी म्हणणार नाही. पलीकडे भांडण रंगात आलं की गोवऱ्याही झपझप होतात.

"गावभर नाव घेतलं पोरीचं," जगदेव म्हणत होता. "भोंग्यावर! वेशीपासून त शाळेपर्यंत ऐकू गेलं."

"मंग? चोरी केली काय तिनं? कबड्डीत पयली आली. पयल्या आलेल्याचं नाव घेतातच."

"पयली आली का शेवटली, थे राहू दे. जगदेवची पोरगी म्हने! पानठेल्यावरची चार मानसं माह्याकडं वळून पाह्यले लागले."

"पाह्यले त पाह्यले. तुमाले काय शिंगं फुटले होते?"

"तुले नाई समजत, शीला. पोरीच्या जातीचं नाव असं चारचौघात घेत नसतात."

"मंग उद्या तुमी खेळा. तुमचं घेतीन."

पलीकडे बादली आपटल्याचा आवाज आला. जगदेव तणतणत वावरात निघाला, पण वेशीतून नाही गेला. मागच्या नाल्यातून, बोरीबाभळीचे काटे तुडवत गेला, म्हणजे रस्त्यात कोणी भेटायला नको.

माझा जगदेव वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात नाही. पण चार माणसं हा त्याचा आजार आहे. ही चार माणसं कोण, हे मी त्याला त्याच्या लहानपणापासून विचारते. अजून एकाचंही नाव त्याला सांगता आलेलं नाही.

पोरगी काही बापाच्या तणतणीने थांबली नाही. पायाने लांबोडी, अंगाने तुरीची काडी. अंगणात कोंबड्यांवर चढाई करायची. तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू, एका कोंबडीच्या शेपटीला हात लावायचा आणि श्वास सुटायच्या आत उंबरठ्यात परत. आमच्या कोंबड्यांनी त्या सालात अंडी कमी दिली. बारावी होईपर्यंत ती तालुक्याच्या संघात चढाई करणारी झाली. तिच्या जोडीला पदमचंद शेठची नात रुचा. त्यांचं किराणा दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाला आहे. जैनाची पोर, कांदा-लसूण खात नाही, पण समोरच्या पोरीचा घोटा धरला की सोडत नाही.

जगदेव सामना पाहायला कधी गेला नाही. घरी आलेली ढाल मात्र त्याने स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावली. आतल्या खोलीतल्या भिंतीवर.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी रिसोडला सामना होता. निकिताने दोन पोरी बाद केल्या, परत वळली, आणि पाय जमिनीत गाडल्यासारखा तिथेच राहिला. अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. रुचा सांगते, टक्कन आवाज आला, वाळलेली तुराटी मोडल्यासारखा. तरी पोरगी सरपटत गेली आणि रेषेला हात लावला. गुण मिळाला. गुडघा गेला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातली दोरी तुटली आहे. मांडीच्या मागून एक दोरी काढून गुडघ्यात बसवायची, वरून खालून स्क्रू मारायचे. मला ते पटलं. एवढं आयुष्य बैलांची दावी जोडण्यात गेलं, तुटलेल्या ठिकाणी दुसरं दावं लागतंच. ऑपरेशनच्या दिवशी जगदेव दवाखान्याच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी पाहिलं. म्हणून तर मला त्याचा राग जास्त येतो. माया नसती तर सोपं होतं.

दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणारी एक मुलगी खाटेपाशी आली. गुडघा खाली दाबून पाय सरळ कसा करायचा ते तिने निकिताकडून करून घेतलं. दुखलं तरी रोज करायचं, काठीने चालायचं, आणि टाके काढायला इथेच यायचं, असं बजावलं. शीलाने मान हलवली. मीही हलवली.

गाडी मालेगावच्या फाट्याला लागली आणि जगदेव म्हणाला, "गावात कोनी सांगायचं नाई."

"काय नाई सांगायचं?" मी विचारलं.

"आपरेशनचं. लचकला होता, बरा झाला. अन् निकिता गेली धनजले, मामाकडं. महिना-दीड महिना तिकडंच हाय."

"अन् मागच्या सीटवर कोन बसेल हाय मंग?"

"माय, तू बोलू नको. गुडघ्यात स्क्रू टाकेल पोरगी कोन करन? उद्या पाव्हने आले त पयले चालून दाखव म्हनतीन."

जणू पोरगी म्हणजे बाजारातली कालवड. दात पाहायचे, चालवून पाहायची, शेपूट पिळायची. मी तोंड उघडलं तर निकिता मागून म्हणाली, "राहू दे आजी, दुखून राह्यलं मले." सारं गाव निंदणाला वावरात गेलं होतं, अशा भर दुपारी आम्ही पोरीला चादरीत गुंडाळून मागच्या दाराने घरात घेतलं. चोरीचा माल आणतात तसं.

आता तिचं करायचं कोणी? शीलाला वावर सुटत नव्हतं, माझे हात थरथरतात. जगदेवने रिसोडकडून माझ्या नणंदेला आणलं. पंचफुलाबाई. साऱ्या नात्यागोत्यात बाळंतिणीचं करावं तर तिनेच. दोन पिढ्यांच्या बाया तिने बाजेवरून उठवल्या आहेत. ती गाठोडं घेऊन एखाद्या गावात उतरली की एसटीचा कंडक्टर विचारतो, "कोन मोकळं झालं, मावशी?"

तिला दुखणं एकच ठाऊक. त्यामुळे इलाजही एकच.

मागच्या खोलीत बाज टाकली. बाजेखाली निखाऱ्याचं घमेलं. सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपाची धुरी. कानाला फडकं. थंड पाणी बंद. डिंकाचे लाडू, खारीक, मेथी. पाय जमिनीला लावायचा नाही, सव्वा महिना. दवाखान्यातून गुडघ्याला बांधून दिलेला पट्टा "आवळते" म्हणून काढून ठेवला. आणि गुडघ्याला बरं वाटावं म्हणून त्याच्याखाली जाड वाकळ गुंडाळून दिली. पोरीलाही बरं वाटलं. वाकलेला गुडघा दुखत नाही. ती व्यायाम करायला पाय दाबू लागली की पंचफुलाबाई ओरडायची, "उसवशीन वो माय! कच्चं अंग हाय!"

"पंचफुलाबाई," मी म्हटलं, "तिले लेकरू नाई झालं. तिचा गुडघा चिरला हाय."

"वयनी, अंग चिरलं म्हनजे चिरलं. वरून चिरलं काय अन् खालून काय."

शीला हसली, जगदेव बाहेर निघून गेला, आणि वाकळ जागच्या जागी राहिली. घरात माझं बोलणं पाण्याच्या मोटारीसारखं आहे. चालू असतं, बंद पडलं तरच कोणी पाहायला येतं.

दवाखान्यात जायची तारीख आली. "एसटीत सारे पाह्यतीन," म्हणून गेलो नाही. गाडी सांगावी तर ड्रायव्हर गावातलाच. जगदेवने मालेगावहून एक कंपाउंडर आणून घरीच टाके काढून घेतले. मला बोलायचं होतं ते मी तेव्हा बोलले. त्यावर जगदेव म्हणाला, "डाक्टर काय येगळं करनार हाय?"

सव्वा महिना झाला. पंचफुलाबाईने निकिताला न्हाऊ घातलं, डोळ्यात काजळ घातलं आणि म्हणाली, "उठ आता, ठेव पाय."

निकिता भिंत धरून उभी राहिली. डावा पाय टेकला. उजव्याचा चवडा टेकला, टाच टेकेना. गुडघा वाकलेलाच. टाचेखालून चिमणी गेली असती एवढी जागा. तिने जोर लावला. तिच्या कपाळावरची शीर उभी राहिली. टाच तिथेच.

"येईन खाली हळूहळू," पंचफुलाबाई म्हणाली.

निकिताने जी किंकाळी मारली, ती दुखण्याची नव्हती. लाडवांचा डबा उचलून तिने भिंतीवर फेकला. डिंकाचे लाडू कडक असतात. एकही फुटला नाही, साऱ्या खोलीत गडगडत गेले.

मग मात्र अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, दाबून पाहिला, आणि आमच्याकडे बघून विचारलं, "गुडघ्याखाली उशी कोणी ठेवली?"

शीलाने माझ्याकडे पाहिलं, मी जगदेवकडे.

"मी विचारतोय, उशी कोणी ठेवली? पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, पाय सरळ राहिला पाहिजे? टाके काढायला का नाही आणलं?"

जगदेव खाली फरशीकडे पाहत होता. डॉक्टर म्हणाले, गुडघा वाकलेल्या जागी आतून धरून बसला आहे. टाच उंचावर ठेवून, गुडघा अधांतरी सोडून, वरून वजन देऊन तो रोज खाली आणायचा. आठवड्यातून दोनदा वाशीमला व्यायामाच्या बाईकडे जायचं. काठीने बाहेर चालायचं. दिवाळीपर्यंत सरळ झाला तर ठीक. नाही झाला तर परत गुडघा उघडायचा. "आणि मग बाळ," ते निकिताला म्हणाले, "कबड्डीचं नाव काढू नकोस."

येताना निकिता गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिचा हात धरला तर तिने काढून घेतला.

घरी आल्यावर जगदेवचं पुन्हा तेच. व्यायाम कर, पण मागच्या खोलीत. वाशीमचं पाहू, निंदण होऊ दे. लोकांसाठी पोरगी अजून धनजलाच होती.

आता त्या लोकांचं सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून धुरपताबाईचं घर. ओवा-शेपाची धुरी भिंतीला अडत नाही. शीलाने पदमचंद शेठच्या दुकानातून किलोकिलोने डिंक आणि खारीक नेली, तेव्हा शेठने साधेपणाने विचारलं होतं, "बाळंतीन कोन हाय वैनी घरी?" शीलाने सांगितलं, "कोनी नाई." पंचफुलाबाई एसटीतून उतरताना अर्ध्या गावाने पाहिली होती. आणि त्यात एका बाजारच्या दिवशी निकिताचा मामा लखीराम मालेगावला धुरपताबाईच्या नवऱ्याला भेटला. "भाची कशी हाय?" नवऱ्याने विचारलं. लखीराम भोळा. म्हणाला, "माह्याकडं कोठी हाय? दिवाईपासून नाई आली."

पोरगी धनजला नाही. घरात धुरी आहे, डिंक आहे, पंचफुला आहे. गावाला आणखी काय सांगायचं राहिलं? दोन अधिक दोन मलाही येतात. गावाने हिशेब बरोबर केला होता. गणितच आम्ही चुकीचं घातलं होतं.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते घेऊन आली रुचा. दारात शीलाने तिला अडवलं, "निकिता धनजले हाय." तर आतून आवाज आला, "नाई हाय. मी इथं आहो. ये वो रुचा."

रुचा आत येऊन बाजेच्या काठावर बसली. निकिताच्या पायाकडे पाहिलं, बाजेखालच्या घमेल्याकडे पाहिलं, आणि रडायलाच लागली.

"तू कायले रडून राह्यली? पाय माहा हाय."

"मले सांगितलं असतं त मी भांडली तरी असती ना लोकायशी," रुचा म्हणाली. "दुकानात बायका येतात अन् माह्या आजीले इचारतात. निकिताचं लेकरू पोरगा हाय का पोरगी? धनजले ठेवलं का अनाथाश्रमात देलं?"

निकिता आधी हसली. खो खो हसली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं आणि चेहरा आधी लाल, मग राखेसारखा झाला. शीला चुलीकडे तोंड फिरवून बसली.

जगदेव वावरातून आला. पाय धुवून होतात न होतात तर आतून हाक, "बाबा, इकडं या."

तो दारात उभा राहिला.

"मी धनजले आहो म्हने."

"हळू बोल."

"अन् माहं लेकरूबी धनजले हाय म्हने. का मी धनजले अन् लेकरू इथं? तुमी काय सांगून ठेवलं लोकायले, मले एक डाव सांगा त खरं. म्हनजे मीबी तसंच सांगीन."

जगदेवला शीलाने तोंड न वळवता सारं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या हातातला टॉवेल तसाच. मला वाटलं, आता हा तडक निघेल, धुरपताबाईच्या दारात जाईल, मोठ्याने सांगेल की पोरीचं ऑपरेशन झालं. एवढंच तर करायचं होतं.

तो म्हणाला, "लोक बोलतात. आपन काई बोललो नाई म्हनजे आपोआप बंद होते."

"अन् गुडघा?" निकिताने विचारलं.

"गुडघ्याचं काढू नको आता. एक झालं, त्यात दुसरं कायले?"

"म्हनजे लेकरू चालते तुमाले, गुडघा नाई चालत!"

पंचफुलाबाईने तोंडाला पदर लावला. मी उठले. बाजेखालचं निखाऱ्याचं घमेलं दोन फडक्यांनी धरलं, अंगणात नेलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. असा फुसकारा झाला की धुरपताबाईची म्हैस दचकून ओरडली. माझे हात थरथरतात, पण त्या दिवशी थेंबभर पाणीही बाहेर सांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्याला निघायच्या वेळी निकिता संघाची निळी बनियान आणि हाफपँट घालून, काठी टेकत समोरच्या ओट्यावर आली. रुचा सांगितल्यासारखी हजर होती. ओट्यावर सतरंजी टाकली. निकिता बसली, उजवी टाच गुंडाळलेल्या वाकळीवर ठेवली. तीच वाकळ. फक्त आता ती टाचेखाली होती, गुडघ्याखाली नव्हती. गुडघ्यावरची लांब तांबडी खूण साऱ्या गल्लीला दिसत होती. रुचाने आतून तुरीची पिशवी आणली आणि गुडघ्यावर ठेवली.

आणि पोरगी ओरडली. घरात ओठ चावून रडणारी पोर ओट्यावर गळा काढून ओरडली. मला कळलं, यातलं अर्धं दुखणं होतं आणि अर्धा भोंगा.

दारं उघडली. घागरी थांबल्या. सगळ्यांत पुढे धुरपताबाई.

"अवं माय, हे काय झालं वो निकिता?"

"या काकू, बसा," निकिता दात खात म्हणाली. "लेकरू पाह्यले आल्या ना? हे पहा. हेच हाय माहं लेकरू. रडते लय अन् झोपू देत नाई."

"मी... मी कायले तसं म्हनू बाई..."

"पोरगा हाय का पोरगी, थे अजून समजलं नाई. तुमी अनुभवी आहा, पाहून सांगा. आत दोन स्क्रूबी हाय, बापावर गेलं नाई बहुतेक."

मागच्या बायांत एकीचं हसू फुटलं. धुरपताबाईचं तोंड पडलं. ती मागे सरकायला लागली तर निकिता म्हणाली, "चालल्या कोठी? धरा इथं. दोन्ही हातानं दाबा. रुचाच्या हातात जोर नाई, कांदा खात नाई थे. तुमच्या हातात लय जोर हाय, साऱ्या गावाले पुरला."

रुचाने धुरपताबाईचा हात धरून मांडीवर ठेवला. बाईला पळता येईना. तिने दाबलं. निकिता ओरडली. धुरपताबाईने हात काढला तर निकिता आणखी ओरडली, "कोनी म्हनलं सोडा म्हनून?"

मी दारात उभी राहून पाहत होते. मला फार बरं वाटलं. म्हातारपणी असं वाटू नये म्हणतात, पण वाटलं.

त्याच वेळी जगदेव घरातून बाहेर आला. ओट्यावर त्याची पोरगी, उघडा गुडघा, भोवती अर्धी गल्ली. चार माणसं म्हणता म्हणता चाळीस जमली होती. निकिताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एकदा त्याने "हो, ऑपरेशन झालं आहे पोरीचं" म्हटलं असतं तर मी त्याच्या साऱ्या आयुष्याचं विसरले असते. त्याने चपला घातल्या, खाली मान घातली आणि नाल्याच्या वाटेने वावरात गेला.

तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नाही. जेवायलाही घरात थांबेना. पहाटे निघायचा, अंधार पडता यायचा.

पंचफुलाबाई त्याच आठवड्यात गेली. रुसून गेली. "एवढ्या बायका उठवल्या मी, एकीचा पाय वाकडा नाई राह्यला," गाठोडं बांधताना ती म्हणाली.

"त्यायचा पाय चिरलेला नव्हता, बाई," मी म्हटलं. डिंकाचे उरलेले लाडू मी तिच्या गाठोड्यात घातले. फेकून द्यायला जीव झाला नाही, आणि घरात ठेवायलाही.

वाशीमला शीला घेऊन गेली. नवऱ्याला न विचारता, एसटीने, पुढच्या सीटवर बसून. कोणी विचारलं की निकिता आधी पाय पुढे करायची, मग बोलायची. धुरपताबाईचं सांगायचं तर ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. माफीबिफी काही मागितली नाही. तिने घरून तिखटाचा पाटा आणला, म्हणाली, "तूर हलकी पडते." निकिताने पाट्याकडे पाहिलं, म्हणाली, "मारता काय काकू?" पण मग तुरीच्या जागी गव्हाची मोठी पिशवी आली. धुरपताबाई रोज यायची. मी तिला चहा देत होते, पण साखर बेताची. मला एवढ्या लवकर विसरता येत नाही.

ओट्यावर रोज सकाळी तेच. निकिता शिव्या द्यायची. गुडघ्याला, डॉक्टरला, पंचफुलाआजीला, देवाला. बापाला कधी दिली नाही. तिथे आली की गप्प व्हायची आणि जोरात दाबायची. मला वाटायचं, दिली असती तर बरं. शिवी बाहेर पडली की संपते.

संध्याकाळी ती पाय लांब करून झोपायची आणि मी गुडघ्याखालून हात घालून पाहायची. सुरुवातीला माझा हात बांगड्यांसकट आरपार जायचा. पोळ्याला बांगड्या अडल्या. नवरात्रात मनगट अडलं. "ढकलू नको आजी," ती म्हणायची. सोयाबीन काढणीच्या धामधुमीत एका संध्याकाळी मी बोटं घातली तर नखंच तेवढी गेली.

"घाल ना."

"जात नाई."

"खरं?"

"तुही शपथ."

ती उठून भिंतीशी उभी राहिली. टाच टेकली. जमिनीवर धूळ होती, त्यात टाच पूर्ण उमटली. शीलाने तिच्या पायाभोवतीची धूळ झाडली नाही, तशीच ठेवली. जगदेव घरी आल्यावर त्यावरून चालत गेला. पाहिलं की नाही, कोण जाणे.

दिवाळीआधी अकोल्याच्या डॉक्टरांनी पाय वर उचलून पाहिला, दाबून पाहिला. या वेळी आवाज चढवला नाही. परत उघडायची गरज नाही, म्हणाले. खेळायला मात्र अजून बरेच महिने आहेत. आधी मांडीत ताकद, मग पळणं, मग मैदान. घाई केली तर नवी दोरीही जाईल. निकिताने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "पन मैदान हाय ना?" डॉक्टर हो म्हणाले.

वाशीमला कॉलेजात नाव घातलं होतंच. तिथे वसतिगृह आहे, जवळ व्यायामाची बाई आहे, मैदान आहे. दिवाळी झाली की जायचं ठरलं. शीलाने जगदेवला सांगितलं. तो वैरण तोडत होता. विळ्याचा वेग तेवढा वाढला.

बापाची भाकर वावरात नेण्याचं काम निकिताने स्वतःकडे घेतलं होतं. वाशीमच्या बाईने उंचसखल जमिनीवर चालायला सांगितलं होतं, तेव्हापासून. शीला म्हणाली होती, "मी नेतो, तुमचं बोलनं नाई." निकिता म्हणाली, "भाकरीले बोलावं लागत नाई." रोज दुपारी डबा आणि पाण्याची कॅन घेऊन ती निघायची, वेशीतून, भर रस्त्याने. जगदेवने तिला एकदाही "पाय कसा आहे" असं विचारलं नाही. मी त्याला बोलले. हाताशी वरवंटा असताना बोलले. म्हणाला, "माय, मी काय इचारू आता?" मी म्हटलं, "काई बी इचार, बैलाले इचारतोस तेवढं इचार." तो उठून गेला.

जायच्या दिवशी एसटी तीनची होती. पिशव्या बांधून ओट्यावर ठेवल्या होत्या. मी म्हटलं, आज राहू दे, मी पाठवते कोणाच्या हाती. निकिताने डबा उचलला. मीही हळूहळू तिच्या मागे निघाले, हरभऱ्याची भाजी खुडायची म्हणून.

तूर फुलावर होती. जगदेव हरभऱ्यात पाणी धरत होता, पायजमा गुडघ्यापर्यंत वर. निकिता धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून चालत गेली. ओला वाफा, दगड, उंचवटा, सारं दोन्ही टाचा टेकवत. बोरीखाली रोजच्या जागी तिने डबा ठेवला, त्यावर फडकं टाकलं, कुत्रा येऊ नये म्हणून वर दगड ठेवला, आणि कॅन सावलीत सरकवली.

"बाबा, भाकर ठेवली."

"हं," जगदेव म्हणाला. त्याने फावड्याने बांध फोडला आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.

निकिताने आदल्या दिवशीचा रिकामा डबा उचलला, पाटाच्या पाण्यात विसळला, झाकण लावलं आणि घराकडे निघाली.